चप्पल स्टँडवरचा ग्लास

"तुझा ग्लास आजपासून इथेच राहू दे हं. आत गर्दी होते."

असं म्हणून बाईंनी माझा स्टीलचा ग्लास चप्पल स्टँडवर ठेवला. नुसत्या हातानं नाही, रुमालात धरून. वरच्या फळीवर. एका बाजूला कुणाचे तरी सँडल, दुसऱ्या बाजूला बुटाच्या पॉलिशची डबी. मधे माझा ग्लास, आणि त्यात माझी निळी नळी. आत हॉलमध्ये टीपॉयवर ट्रे होता. ट्रेत पाच ग्लास. रविवारपर्यंत सहा होते.

गर्दी होते म्हणे. पाच ग्लासांची होत नाही, सहाव्याची होते.

मी काय केलं? काही नाही. "हो बाई" म्हणाले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी मला शूर समजू नये. हो बाई म्हणाले, त्याच स्टँडच्या खालच्या फळीवर चपला काढल्या आणि आत जाऊन सगळ्यांच्या मागं बसले.

मी गाणारी बाई. आमच्या आप्पांची गायन पार्टी आहे. आप्पा, म्हणजे माझे वडील, पेटीवर. चुलतभाऊ ढोलकीवर. मी आणि आणखी दोघी गायला. जयंती, बारसं, लग्न, गेलेल्याचं पुण्यानुमोदन, जिथं बोलावतील तिथं जायचं. मोडनिंब म्हणू नका, जेऊर म्हणू नका, सगळा जिल्हा टेम्पोत बसून पालथा घातलेला. दिवसा मी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला असते. टॉवेलच्या कडा मारायच्या. पण लोक मला टॉवेलवाली म्हणून ओळखत नाहीत. माईक बंद पडला तरी हिचा आवाज शेवटच्या रांगेला जातो, असं म्हणायचे. मला लई मिजास होती त्याची. काळी चारच्या पट्टीत गायचे मी, आणि वरचा सा असा लावायचे की म्हातारी माणसंसुद्धा उठून टाळ्या वाजवायची.

तो आवाज श्रीपूरला फाटला. ऊसतोडीच्या माणसांसाठी कार्यक्रम होता. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचं स्टेज, स्पीकर फुटका. मला माझाच आवाज ऐकू येईना, म्हणून ओरडत राहिले. तीन तास. दुसऱ्या दिवशी तोंड उघडलं तर नुसती हवा. आठ दिवस वाट बघितली, महिना बघितला. शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे गेले. त्यांनी नाकातून नळी घालून टीव्हीवर दाखवलं. दोन गाठी. आवाजाच्या पडद्यावर, समोरासमोर.

"गाण्याआधी गळा तापवता का?" डॉक्टरांनी विचारलं.

"मिरी आणि खडीसाखर खाते की."

ते हसले. अपमानाचं हसणं नव्हतं ते. म्हणाले, ऑपरेशन लांब ठेवू, आधी आवाजाचे व्यायाम करा, चार-सहा महिने, नेमानं. नाही केले तर गाणं विसरा. आणि बाईंचा नंबर लिहून दिला. सोलापुरात हे शिकवणारं दुसरं कुणी नाही म्हणाले.

गाणं विसरा. एवढं एक वाक्य घेऊन मी बाईंचं दार वाजवलं. हे लक्षात ठेवा. नंतर लोक विचारतात, एवढं झाल्यावर गेलीसच कशाला? गेले, कारण टॉवेल शिवायला आवाज लागत नाही, पण मला लागतो.

बाई कॉलेजात संगीत शिकवून रिटायर झालेल्या. विजापूर रोडच्या बाजूला एका कॉलनीत दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट. बोलणं असं मऊ की ऐकणाऱ्याला आपलंच बोलणं खरखरीत वाटावं. मंगळवारी आणि रविवारी सकाळी सातला क्लास. आम्ही सहा जणी. बाकीच्या पाचही हौशी, कराओकेवर गाणाऱ्या. एक बँकेतून रिटायर झालेल्या काकू, एक प्राध्यापिका, एक डॉक्टरची बायको, दोघी घर सांभाळणाऱ्या. फी मी त्यांच्याइतकीच देत होते.

पहिला व्यायाम तोंड मिटून. ओठ बंद, दात सुटे, आणि 'म्' धरायचा, नाकाच्या शेंड्याला मुंग्या येईपर्यंत. मग ओठांची फुरफुर. लहान पोरं गाडी चालवताना ब्रर्रर्र करतात ना, तेच, पण सुरात. पहिल्या दिवशी सगळ्यांची थुंकी उडाली आणि सगळ्या हसल्या, मी पण हसले. मग नळीचा व्यायाम. ग्लासात पाणी घ्यायचं, नळी दोन बोटं बुडवायची आणि 'ऊ' म्हणत फुंकायचं. बुडबुडे एकसारखे आले पाहिजेत. अडकत आले तर समजायचं, श्वास हलतोय. ज्याचा त्याचा ग्लास घरून आणून क्लासातच ठेवायचा, स्टीलचा, हे बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. बरोबरच होतं ते. एकाची नळी दुसऱ्यानं तोंडात घेऊ नये.

शेवटी खर्ज. खालच्या सुरात, सावकाश, एकेक सूर श्वास संपेपर्यंत. इथं माझी बाजू भक्कम होती. वरचा गळा गेला होता, पण खालचा शाबूत होता. दुसऱ्याच आठवड्यात बाई डोळे मिटून ऐकत राहिल्या. म्हणाल्या, "ऐका गं सगळ्या! याला म्हणतात खर्ज. कोणी शिकवलं तुला?"

खरं उत्तर असं होतं, की आप्पांनी. मी पाच वर्षांची असल्यापासून. आमच्या घरी रोज सकाळी बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या फोटोसमोर त्रिसरण होतं, बुद्धं सरणं गच्छामि. आप्पा ते मुद्दाम खालच्या सुरात घेतात, एका श्वासात एक ओळ, घाई नाही. म्हणतात, "सकाळी गळा खालनं उघडायचा. वरची पट्टी भाकर पोटात गेल्यावर." आप्पांनी खर्ज हा शब्द कधी उच्चारला नाही. मला तरी कुठं माहीत होतं, आपण करतोय त्याला असं नाव आहे.

पण मी म्हणाले, "घरी देवाचं म्हणतो सकाळी."

"हरिपाठ का?" बँकेतल्या काकूंनी कौतुकानं विचारलं.

"हो. हरिपाठ."

बघा. कुणी माझ्या नरड्यावर सुरी ठेवली नव्हती. जात विचारली नव्हती. आमचं आडनाव असं, की कुठंही खपतं. मीच आधी लपले. बापाची तीस वर्षांची शिकवण एका शब्दात पुसून टाकली, आणि वर शाबासकी घेतली. घरी जाताना रिक्षात मला स्वतःची किळस आली. तरी पुढच्या मंगळवारी परत गेले, आणि पुन्हा कुणी हरिपाठाचं काढलं तर मान हलवली.

दोन महिने असे गेले. बाई मला पुढं बसवायच्या. मध द्यायच्या. "तुझा आवाज आपण परत आणू, बाळ," म्हणायच्या. खोटं कशाला बोलू, मला त्या लई आवडायच्या.

मग ग्लासाचं झालं.

माझा नेहमीचा ग्लास चेपला होता. म्हणून त्या रविवारी मी शोकेसमधला काढून नेला. आमच्या घरातला सगळ्यात जाड, सगळ्यात चांगला. चौदा वर्षांची असताना गायन स्पर्धेत मिळालेला. भांड्याच्या दुकानात मशीननं नाव घालतात, तसं त्यावर नाव घातलेलं. वर 'जय भीम'. खाली जयंती उत्सव मंडळ, आमच्या पेठेचं नाव, गायन स्पर्धा, उत्तेजनार्थ, आणि माझं नाव. एवढी वर्षं शोकेसमध्ये बघून बघून मला ती अक्षरं दिसायचीच बंद झाली होती. चांगला ग्लास एवढंच डोक्यात. आपल्या अभिमानाची वस्तू नेताना माणूस विचार करत नाही.

बाईंनी सगळ्यांच्या ग्लासांत पाणी भरलं, ट्रे फिरला, आणि बँकेतल्या काकूंनी चुकून माझा उचलला. सगळे ग्लास सारखेच दिसायचे. त्यांनी आपली नळी घातली, फुंकलं, तोंडाला पाणी लागलं म्हणून पदरानं पुसलं. खाली ठेवताना अक्षरांवरून बोट फिरलं. "अगंबाई, हा माझा नव्हे." चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचलं. पहिल्या दोन शब्दांवर आवाज मोठा होता. पेठेच्या नावापर्यंत येता येता बारीक झाला.

काकू उठल्या, बेसिनपाशी गेल्या आणि चूळ भरली. एकदा, दोनदा, तीनदा. खळखळ आवाज करत. आम्ही सगळ्या ऐकत बसलो.

"सगळ्यांनीच चूळ भरून घ्या," बाई म्हणाल्या. "घशाचं इन्फेक्शन फार आहे सध्या."

सगळ्या उठल्या. मी पण उठले. काय मूर्ख बाई असेन मी, मला वाटलं खरंच इन्फेक्शनचं आहे, सगळ्यांबरोबर मी पण भरते. बेसिनपाशी पोचले तर बाईंनी हात आडवा धरला.

"तू राहू दे." मग आवाज आणखी मऊ करून, "तू तर हरिपाठ म्हणाली होतीस. जातबित मी मानत नाही हं. पण खोटं बोललेलं मला चालत नाही."

माझ्याच खोट्याची दोरी करून माझ्याच गळ्यात घातली. आणि खोटं तर मी बोललेच होते.

मंगळवारी ग्लास चप्पल स्टँडवर गेला.

त्यानंतर सात आठवडे मी नळीचा व्यायाम दाराबाहेर केला. पॅसेजमध्ये, स्टँडपाशी उभी राहून. "तेवढं तिथं कर आणि मग आत ये." बाई जग घेऊन दारात यायच्या आणि वरून धार सोडायच्या, जग ग्लासाला लागू नये म्हणून. हात उंच. शिंतोडे चपलांवर उडायचे. शेजारच्या फ्लॅटमधली माणसं जिना उतरताना बघायची, एक बाई चपलांत तोंड घालून बुडबुडे काढतीय. मी बुडबुडे एकसारखे ठेवायचे. श्वास हलू द्यायचे नाही. त्यात मी पटाईत झाले.

आईला एकदा सांगितलं. ती टॉवेलच्या घड्या घालत होती, घड्या घालायचं काम घरी आणते ती.

"वरनं धार धरतीय?" आईचा हात थांबला. "माझ्या आईनं पिलं तसलं पाणी. तवा गावात दुसरं पाणी नव्हतं. तुला हितं नळ हाय की. चार दिवसांनी का हुईना, येतो."

"गाठ कमी व्हायलीय आई."

"व्हय. आन तूबी."

तिनं परत विचारलं नाही. मीही परत सांगितलं नाही.

पण गाठ खरंच कमी होत होती. हेच तर दुखणं. डॉक्टरांनी पुन्हा टीव्हीवर दाखवलं, एक गाठ गेली होती, दुसरी निम्मी राहिली होती. "करत राहा, थांबू नका," म्हणाले. बाईंना शिकवता येत होतं. मी ते आजही नाकारत नाही. येत नसतं तर सोपं झालं असतं, शिव्या देऊन निघून आले असते. माझ्यापुरतं असतं तर मी आणखी सहा महिने चपलांत उभी राहिले असते. आवाजासाठी माणूस काय काय गिळतो.

एका रविवारी मोडनिंबहून एक ताई आल्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, पंचेचाळिशीच्या. वर्गात ओरडून ओरडून घसा गेलेला, बोलल्या की कागद चुरगळल्यासारखा आवाज. त्याच डॉक्टरांनी पाठवलेलं. पहाटेची एसटी धरून आलेल्या, तरी साडीची इस्त्री मोडलेली नाही. पिशवीत नवा कोरा स्टीलचा ग्लास आणि नळीचं अख्खं पाकीट.

बाई दारात आल्या, हातात जग. "या या. फोनवर आडनाव ऐकलं तेव्हाच लक्षात आलं माझ्या." आणि माझ्याकडे वळून, "यांना सगळं नीट समजावून सांग हं. तुमचं तुम्हाला बरं कळतं. आणि पाणी आता तूच घालत जा, मला हात वर धरवत नाही."

जग माझ्या हातात देऊन त्या आत गेल्या.

मी तो जग धरून उभी. ताईंनी पिशवीतून ग्लास काढला, इकडंतिकडं बघितलं. माझा ग्लास स्टँडवर दिसला. त्यांना वाटलं, इथली रीतच अशी असेल. वाकल्या, सँडल जरा बाजूला सरकवले आणि माझ्या ग्लासाशेजारी आपला ठेवायला लागल्या.

"सगळ्यांचं हितंच असतंय व्हय?" त्यांनी विचारलं.

मला व्हय म्हणता आलं असतं. एक शब्द. हरिपाठ म्हणाले होते, तसंच. ताईंना कळलंही नसतं, निदान त्या दिवशी नाही. दर रविवारी त्या मोडनिंबहून आल्या असत्या, वाकल्या असत्या, आणि मी वरून धार सोडली असती. माझ्या हातानं. माझ्या आजीला कुणी पाजलं तसं मी त्यांना पाजलं असतं.

"न्हाई ताई," मी म्हणाले. त्या घरात मी नेहमी 'नाही' म्हणायचे, तोंड सांभाळून. त्या दिवशी न्हाई म्हणाले. "सगळ्यांचे आत हायत. हितं फक्त आपले. हितं चपला ठेवतात."

त्यांना एका क्षणात कळलं. आपल्या माणसाला कळायला वेळ लागत नाही. त्यांचा चेहरा बघवेना. वीस-पंचवीस वर्षं पोरांना समता शिकवणारी बाई ती. त्यांनी ग्लास उचलला आणि पदरानं पुसला, खसाखसा, तळापर्यंत.

मी माझा उचलला. दोघी आत गेलो. ट्रेतल्या पाच ग्लासांशेजारी आमचे दोन ठेवले आणि जगाचं तोंड काठाला टेकवून सगळ्यांत पाणी भरलं. सातही ग्लासांत.

"हे काय चाललंय?" बाई.

"पाणी भरतीय. घ्या व्यायाम."

"मी तुझा आवाज परत आणला, विसरलीस?"

"न्हाई विसरले. आवाज परत आणलात, फी घेतलीत, आणि चपलात उभं केलंत. तिन्ही ध्येनात हायत माझ्या."

"अगं, सकाळी सकाळी कशाला..." काकू पुटपुटल्या. प्राध्यापिका मोबाईल बघायला लागल्या. डॉक्टरच्या बायकोनं माझ्याकडे बघितलं, मला वाटलं ही हात पुढं करेल. तिनं पर्स मांडीवर ओढून घेतली. पाच जणींतल्या एकीनंही ग्लास उचलला नाही. तहानेनं मेल्या असत्या तरी उचलला नसता.

"आज क्लास होणार नाही," बाई म्हणाल्या. "माझं डोकं दुखतंय."

"तुमचा नका घेऊ. ताई लांबनं आल्यात, मी घेते," मी म्हणाले आणि त्यांच्याच सतरंजीवर बसले. "ताई, नळी दोन बोटं बुडवा. खांदे सोडा. आता ऊ म्हणा, सावकाश."

ताईंनी फुंकलं. बुडबुडे अडकत आले. पुन्हा फुंकलं. बाई उभ्या, बाकीच्या बसलेल्या. दहा मिनिटं पुरती केली आम्ही. मग उठलो आणि जिना उतरलो. खाली आल्यावर ताई कट्ट्यावर बसल्या आणि रडल्या. मी रडले नाही. मला लई राग आला होता, बाईंचा कमी, माझ्या सात आठवड्यांचा जास्त.

इथं कुणाला वाटेल, मग सगळं छान झालं. नाही झालं. बाईंचं दार बंद झालं. दुसरं शिकवणारं पुण्यात, तिथं आठवड्याला दोनदा जाणार कोण, कारखाना सोडून? येत होतं तेवढं मी घरी करत राहिले. ताई रविवारी यायच्या, आम्ही आमच्या गल्लीत बसून करायचो. पण चूक होतीय का बरोबर, हे सांगणारा कान नव्हता. दुसरी गाठ तिथंच अडली. वरचा सा मला आजही लागत नाही. काळी चार सोडली, काळी दोनला उतरले. जुनी गाणी त्या पट्टीत बसकी वाटतात. लोक टाळ्या वाजवतात, पण ते उठून उभं राहणं गेलं. ते मी गमावलं, आणि मला त्याचं दुःख आहे. लई आहे.

आता आमच्या कार्यक्रमाआधी आम्ही स्टेजवरच गळा तापवतो. पडद्यामागं नाही. माईक चालू ठेवून. आधी आप्पांसारखं खालच्या सुरात त्रिसरण, मग तोंड मिटून म्, मग ओठांची फुरफुर. पोरं हसतात. "काय बे, गाडी चालू होईना का?" असं समोरून ओरडतात. हसून झालं की मी सांगते. हे मी कुठं शिकले, किती चांगलं शिकवलं, आणि ते शिकताना मला कुठं उभं केलं. हरिपाठाचं खोटंही सांगते, गाळत नाही. आणि शेवटी बाईंचं नाव घेते. पूर्ण नाव, आडनावासकट.

मागच्या महिन्यात बँकेतल्या काकूंचा फोन आला. "अगं, त्यांच्या कानावर गेलंय. वय झालंय गं त्यांचं. नाव तरी घेऊ नकोस."

"काकू, मी खोटं काय बोलते ते सांगा."

"खोटं नाही गं. पण..."

"पण काय?"

त्यांनी फोन ठेवला.

इथं लिहिताना मी नाव घातलेलं नाही. लिहिण्यात कोर्टकचेरीची अडचण येते, असं मला शहाण्या माणसांनी सांगितलं. स्टेजवर मला कसली अडचण नाही. डॉक्टर म्हणतात, राहिलेली गाठ कधीही वाढेल, जास्त बोलू नका, आवाज जपा. जपते. गाण्यातली दोन कडवी कमी करते. पण आवाज आहे तोवर प्रत्येक गावात, माईक चालू ठेवून, मी ते नाव घेणार.